कार्याच्या घरी नेट

घरात कुठेही काही अडकलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, माझ्यामुळे तर नाही? मिक्सर जळला तर मी चटणी वाटायला नको होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली तर मी जिन्याने जायला हवं होतं. त्यामुळे कांदिवलीच्या या घरात माझ्या हाती लॅपटॉप आल्यावर वहिनी पहिल्यांदा आतल्या खोलीतून ओरडल्या, "नेट गेलं यार परत," तेव्हा मी धडपडत माझा लॅपटॉप मिटला. त्यांचा मुलांना गणित शिकवण्याचा तास चालू होता आणि स्क्रीनवरची सगळी मुलं तोंड उघडं ठेवून थिजली होती. मी भिंतीला टेकून बसून राहिले, जणू मीच त्यांना थिजवलं होतं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी लॅपटॉपवर फक्त कॅल्क्युलेटर उघडला होता.

हे घर माझं नाही. माझं घर गोंदियाकडच्या एका गावात, रेल्वेत एक अख्खी रात्र आणि वर थोडा दिवस काढावा लागतो. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मुंबईत आले ती कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्टांचे धागे कापायला. तिथल्या सुपरवायझर बाई या घरातल्या काकूंच्या भजनी मंडळात होत्या. मला राहायला जागा हवी म्हणून त्यांनी मला एका संध्याकाळी काकूंच्या दारात आणून उभं केलं.

काकूंनी मला वरून खाली पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "मासे खातंस?"

"तलावातले खाते जी," मी म्हटलं.

"तलावातले?" काकूंना माझी इतकी दया आली की त्यांनी दारातच माझी पिशवी हातातून घेतली. "गरीब गो बाय माझी. ये, आत ये."

स्वयंपाकघराला लागून एक बाल्कनी होती. तिला काचा लावून खोली केली होती. तीच माझी झाली. घरात काका-काकू, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाला मी दादा म्हणते, सुनेला वहिनी. काका-काकू मालवणकडचे, काका गिरणीत होते. सगळी उमर परळच्या चाळीत गेली आणि चाळ पाडून झाल्यावर हे लोक इकडे आले. चाळ गेली, पण काकांच्या डोक्यातून ती गेली नाही, हे मला नंतर कळलं, आणि जे घडलं ते सगळं त्यामुळेच घडलं.

काही महिन्यांनी माझा कारखाना बंद पडला. भावाचा फोन आला. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "दिवाळीवरी काम पाय. जमलं तं जमलं, नाही तं मी येतो घ्याले." गावी माझ्यासाठी एक शिलाई मशीन आणि एक स्थळ अशा दोन्ही सोयी करून ठेवलेल्या होत्या. मशीन चांगलं होतं असं ऐकलं होतं.

मला परत जायचं नव्हतं. पण हे कुणाला सांगायची हिंमत नव्हती, कारण न जाता मी इथे राहणार म्हणजे या लोकांच्या बाल्कनीत राहणार. वहिनींना ते न सांगताच कळलं असावं. त्यांनीच शोधून काढलं की एका कंपनीला घरी बसून फोन घेणाऱ्या बायका हव्या आहेत, मराठीतून. लोकांचं घरचं इंटरनेट बंद पडलं की ते चिडून फोन करतात, तो फोन घ्यायचा आणि त्यांना शांत करायचं. शाळेची अट नव्हती. "तुला तर लोकांची माफी मागायची सवयच आहे," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून माझी चार वेळा मागितलीस. तिकडे त्याचा पगार देतील."

दादाने त्याचा ऑफिसातला जुना लॅपटॉप मला दिला. तो चालू करताना त्याची पाठ एका ठराविक जागी दाबावी लागते. मी तो रोज सकाळी मऊ फडक्याने पुसते. त्यावर टायपिंग शिकले, कंपनीने पाठवलेले धडे पाहिले, आणि मग चाचणीची तारीख आली. चाचणी म्हणजे कंपनीच्या मॅडम गिऱ्हाईक बनून बोलणार, आपण उत्तर द्यायचं. संपूर्ण वेळ आवाज तुटता कामा नये.

आता घरातल्या नेटबद्दल सांगायला हवं. लाइन एक. तिच्यावर दादाचा ऑफिसचा लॅपटॉप, वहिनींचा शिकवणीचा मोठा कॉम्प्युटर, हॉलमध्ये काकांचा जुना कॉम्प्युटर ज्यावर ते डबलबारी भजनाचे सामने बघतात, काकूंचा टॅब आणि माझा पाठ दाबायचा लॅपटॉप. शिवाय वहिनींनी समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती बेनना त्यांच्या मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत पासवर्ड दिला होता, तो परत कसा मागणार? राउटर हॉलमधल्या कपाटावर. काकूंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. वहिनी तो काढायच्या, काकू परत घालायच्या. या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

नेट सारखं अडकायला लागलं तेव्हा दादाने नेटवाल्याला बोलावलं. त्याने कपाटावर हात घालून रुमाल उचलला, दिवे बघितले, घरात एक नजर फिरवली आणि म्हणाला, "लाइन बरोबर आहे साहेब. एकच लाइन आहे आणि तुम्ही पाचजण खेचताय. प्रेशर कुठून येणार?"

तो गेला. काका खुर्चीत सरळ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं तेज कधी पाहिलं नव्हतं.

"प्रेशर म्हणाला तो," काका म्हणाले. "म्हणजे नळच की."

चाळीत प्रत्येक मजल्यावर एकच नळ होता आणि काकांच्या मजल्याचा नळ काका सांभाळायचे. कुणाचा नंबर आधी, कुणी किती हंडे भरायचे, कोण पिंप भरल्यावर गुपचूप बादल्याही भरतंय, हे सगळं ते बघायचे. गिरणीतून थकून आल्यावरही बघायचे. मला वाटतं या कांदिवलीच्या ब्लॉकमध्ये घरातच नळ आल्यापासून त्यांना करायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नेटचे नंबर लागले. सकाळी दादाच्या मीटिंगा. दुपारी जेवणानंतर काकांची डबलबारी. संध्याकाळी वहिनींची मुलं. काकू पहाटे उठतात म्हणून पहाट त्यांची. काकूंना दशावतारी नाटकं लागतात, आणि त्या ती लगेच बघत नाहीत, टॅबमध्ये उतरवून ठेवतात. त्याला त्या भरून ठेवणं म्हणतात. "आता येता हा तोवर भरून ठेवूया," असं म्हणून त्या नाटकांवर नाटकं भरतात.

"आणि तुझा नंबर कधी?" काकांनी मला विचारलं.

"मला नको जी. उरलेलं वापरेन."

काकांनी चष्मा काढला. "उरलेलं? नळाला उरलेलं नसतं गो. नंबर सोडलास तर दुसरा भरतो. नंबर सांग."

मी दुपारी सगळे झोपतात ती वेळ सांगितली. मग काकांची डबलबारी आडवी येते म्हणून ती बदलली. मग दादाची मीटिंग आडवी आली म्हणून तीही बदलली. शेवटी वहिनींनी माझा नंबर लावला आणि त्या वेळेला त्या स्वतः दारात उभ्या राहून बघायच्या, मी खरंच लॅपटॉप उघडलाय की नाही. उघडल्यावरही मी हळू चालायचे, भांडं पडू द्यायचे नाही. पावलांच्या आवाजाने नेट तुटेल असं मला खरंच वाटायचं. दादाने एकदा बघितलं आणि म्हणाला, "अगं, चाल ना नीट. नेट झोपलेलं नाहीये."

चाचणीच्या आदल्या दिवशी जेवताना वहिनींनी विषय काढला. सकाळी अकराला कॉल आहे, तेवढा वेळ बाकीच्यांनी जरा नेट वापरू नका. मी ताटाकडे बघत म्हटलं, दादांची मीटिंग असेल तर मी मॅडमना दुसरी वेळ विचारते.

काकांनी हात वर केला. "हिच्याकडे कार्य आहे उद्या."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. चाळीत कुणाकडे लग्न असलं, बारसं असलं, की त्या दिवशी मजल्यावरचा नळ पहिला त्या घराचा. बाकीच्या सगळ्यांनी आदल्या दिवशीच आपलं भरून घ्यायचं आणि कार्याच्या दिवशी नळाकडे फिरकायचं नाही. भांडण असलं तरी नाही. "ज्याच्याशी मी वर्षभर बोलत नव्हतो, त्याच्या पोरीच्या लग्नाला मी स्वतः नळावर उभा राहून त्याची पिंपं भरून घेतली," काका म्हणाले. "उद्या या घरात कुणी नळ सोडायचा नाही."

"म्हणजे नेट," दादा म्हणाला.

"तेच ते."

माझ्या भावानेसुद्धा माझ्यासाठी कुणाला काही बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "कशाला जी एवढं."

"काय जी जी करतंस," काकू म्हणाल्या. "गप जेव."

जेवण झाल्यावर काका समोरच्या ब्लॉकमध्ये गेले आणि बेनना सांगून आले, उद्या सकाळी आमच्याकडे कार्य आहे, जरा आमचं नेट घेऊ नका. कोणाचं कार्य, हे त्यांनी विचारल्यावर माझ्याकडे बोट करून आले. त्याचा अर्थ बेननी काय घेतला, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मी लवकर आंघोळ केली, धुतलेला ड्रेस घातला, जणू मॅडमना फोनवरून दिसणार होता. घरात विलक्षण शांतता होती. दादाने ऑफिसात सांगून ठेवलं होतं, तो पेपर वाचत होता. वहिनी भाजी निवडत होत्या. काका राउटरखाली खुर्ची टाकून बसले होते, नळावर बसायचे तसेच. मी दहा वाजता लॅपटॉपची पाठ दाबली, तो चालू झाला, आणि नेट नव्हतं.

मी बाहेर येऊन उभी राहिले. माझ्यामुळेच असणार.

"काका, नेट दिसत नाही जी."

"नसणारच," काका समाधानाने म्हणाले. "पहाटे बंद केलंय मी. भिंतीवरचं बटनच बंद."

"काऊन जी?" घाबरले की माझी बोली बाहेर येते.

"तुंबू दे. सकाळपासून कुणी वापरलेलं नाही, म्हणजे किती भरलं असेल बघ. अकराला सोडतो, मग बघ प्रेशर."

दादाच्या हातातला पेपर खाली आला. "बाबा. ती काय गच्चीवरची टाकी आहे?"

"मग तो मुलगा प्रेशर प्रेशर कशाला म्हणत होता?"

"अहो बाबा, नेट साठत नाही."

"कुठे जातं मग?" काकांनी विचारलं. दादाने उठून बटण दाबलं, आणि कपाटावर क्रोशाच्या रुमालाखाली दिवे लुकलुकायला लागले.

नेट आलं. मी देवाला आणि दादाला हात जोडले. हेडफोन लावला. बाल्कनीचं दार नीट लागत नाही, ते ओढून घेतलं. बरोबर अकराला मॅडमचा कॉल आला. त्यांचा आवाज शांत होता. त्या म्हणाल्या, मी एक म्हातारे, तापट गृहस्थ आहे असं समज, माझं नेट बंद आहे. तुझ्या स्क्रीनवर आता एक पान येईल, त्यात काय काय विचारायचं ते क्रमाने लिहिलंय. त्यावर बघून बोल. चल, सुरू.

पान यायला लागलं. वरची निळी पट्टी आली, कंपनीचं चित्र अर्धं आलं, आणि थांबलं. खाली सगळं पांढरं.

"...लो, हॅ... कधीपास... नेट... झोपा काढता काय?" मॅडम म्हातारे झाल्या होत्या आणि तुकड्यातुकड्यांनी ओरडत होत्या.

पान नाही, आवाज तुटतोय, दिवाळी जवळ आली आहे. दाराच्या फटीतून मला काका दिसले. ते भुवया उंचावून विचारत होते, कसं काय? बोलता तर येत नव्हतं. मी नळ फिरवतात तशी बोटं हवेत फिरवली आणि मग हाताने पाणी वाहतंय असं दाखवलं.

आयुष्यात माझं बोलणं इतकं पटकन कुणाला कळलं नसेल. काका ताडकन उठले. "कुणाचा तरी नळ चालू आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले, आणि घरात झडती सुरू झाली.

इकडे मला काहीतरी बोलणं भाग होतं. "हो जी," मी म्हटलं, "तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. माफ करा जी."

"माफी नको. नेट... कधी... चालू करता?"

पान अजून पांढरंच. मग मी घरात जे चाललं होतं तेच विचारलं. दुसरं काही सुचेचना. "तुमच्या घरी एका लाइनीवर किती जण असता जी?"

"मी एक... एकटाच."

"काकू नाहीत का घरी?"

पलीकडे शांतता. नेट गेलं की मॅडम विचार करत होत्या, कळेना. मग आवाज आला, "आहे."

"त्यांच्याकडे टॅब आहे का जी?"

"आहे. पण तो... बंद असतो."

त्याच क्षणी दाराबाहेर काकूंचा आवाज, हळू बोलण्याचा प्रयत्न करत, पण काकूंना हळू बोलता येत नाही. "मीया बंद केलंय. सांगतंय ना. बघ, काळो झालो हा."

"काळा झाला म्हणजे बंद नसतो गं आई," दादा फुसफुसला. "आत चालूच असतो. कुठे आहे?"

आदल्या दिवशी काकांनी उद्या नळ बंद असं जाहीर केलं, तेव्हा काकूंनी चाळीत करायच्या तेच केलं. पाणी बंद राहणार म्हटल्यावर हाताला लागेल ते भांडं भरायचं. त्यांनी त्या रात्रीच दशावतारी नाटकांची रांग लावली, ती काकांनी पहाटे बटण बंद केलं तेव्हा अर्धीच उतरली होती, आणि टॅब तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवून त्या निश्चिंत झाल्या होत्या. दादाने बटण दाबल्याबरोबर पालथा टॅब उरलेली नाटकं भरायला बसला. सगळं घर नेटला हात न लावता बसलेलं, त्यामुळे त्याला अडवायला कुणीच नव्हतं.

मी फोनवर विचारत होते, "बंद म्हणजे पालथा ठेवलाय जी, की आतूनही बंद केलाय? कारण पालथा ठेवला की काळा दिसतो, पण तो आत पीतच असतो."

म्हाताऱ्याच्याच आवाजात मॅडमनी विचारलं, "तुमच्या मागे कोण आहे?"

"आमच्या काकू आहेत जी. त्यांचाही काळा झालाय."

आणि अचानक पान आलं. सगळं, एका दमात, खालपर्यंत. आवाज स्वच्छ झाला. बाहेर दादाने टॅब आतून बंद केला होता आणि काका त्याच्यावर हात ठेवून उभे होते, चोर पकडल्यासारखे. मी पानावरचं क्रमाने वाचायला लागले. राउटरचे दिवे बघा, बटण बंद करून थोडं थांबा, परत लावा. मॅडम म्हातारपणाने कुरकुरत होत्या, मी "हो जी" म्हणत होते.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मग बाहेर बेनचा आवाज, "आला का छोकरा?" काका म्हणाले, "कोण छोकरा? फोन चालू आहे." बेन म्हणाल्या, "अच्छा, फोनवर बघणार काय? आजकाल तसंच करतात." आणि पुढच्या क्षणी बाल्कनीचं न लागणारं दार उघडलं. बेन पाऊल न वाजवता आत आल्या आणि मी मॅडमना "आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का" हे शेवटचं वाक्य विचारत असताना त्यांनी माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. मी हलले नाही. जाताना त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला.

मॅडमनी म्हाताऱ्याचा आवाज टाकला. "तो टॅबचा प्रश्न कागदात नाहीये," त्या म्हणाल्या.

"माफ करा जी. कागद आला नव्हता."

"बरं. कळवते." आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काकू तांदळाच्या डब्याजवळ बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळे तुझा काम गेला काय गो?" त्या म्हणाल्या. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला ते अजिबात आवडलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, नाही जी, तुमच्यामुळेच तर काय विचारायचं ते सुचलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. त्यांनी मला घेतलं होतं. म्हणाल्या, आवाज तुटत होता तरी तू गोंधळली नाहीस. मी गोंधळलेच होते, पण ते त्यांना तुटकं ऐकू आलं असावं. मग त्यांनी एक अट सांगितली. कामासाठी वेगळी लाइन हवी, फक्त माझी. घरच्या लाइनीवर चालणार नाही.

खुशी तिथेच विरली. कारण काकूंनी मला एकदा चाळीतल्या त्यांच्या मजल्यावरच्या एका घराची गोष्ट सांगितली होती. त्या घराने स्वतःपुरता वेगळा नळ घेतला. पाइप दारातून थेट आत. त्यानंतर मजल्यावरचं कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. त्यांच्या गणपतीच्या आरतीला घरचेच तेवढे असायचे. आता मी, बाल्कनीत राहणारी, या घरात येऊन स्वतःचा वेगळा नळ घेणार?

मी कुणाला काही सांगितलं नाही. भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. नोकरीच नको म्हणून सांगावं आणि शिलाई मशीनकडे जावं, असंही मनात आलं. अखेर काकूंनी भांडी घासताना मला पकडलं.

"तुका काय झाला? खरा सांग. तुझो भाव येतलो काय तुका न्हेवक?"

मग मी सगळं सांगितलं, नोकरी मिळाल्याचं, अटीचं आणि त्या मजल्यावरच्या घराचं. काकूंनी ओले हात तसेच ठेवून काकांना हाक मारली आणि मला ते परत सगळं सांगायला लावलं. काका ऐकून घेऊन उठले. माझ्या बाल्कनीत गेले. मला वाटलं, माझं सामान बघतायत.

ते खिडकीच्या चौकटीला हात लावून बघत होते. "वायर इथून आत येईल," ते म्हणाले. "भोक पाडायला नको, ही फट आहे."

"काका, तुम्हाला राग नाही आला जी?"

"कशाचा?"

"वेगळा नळ."

काका माझ्या गादीवर बसले. "त्या घराच्या नळाचा राग नव्हता गो कुणाला. त्यांनी नळ घेतला आणि दार लावून घेतलं. चाळीत दार कोण लावतो? तू दार लावू नको, मग घे कितीही नळ."

"पण ड्युटीवर दार लावायला लागेल जी. आवाज येतो."

काकांनी विचार केला. "ड्युटीला लाव," ते म्हणाले. "आणि संपली की उघड." मग ते दार तपासायला लागले, कारण ते लागतच नव्हतं. दादाने दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, "मंग मशीन मोठ्या ताईच्या सासरी देतो," आणि मला कळलं की तो येत नाही.

आता माझी लाइन वेगळी आहे. दिवसभर दार लावून मी लोकांच्या शिव्या ऐकते आणि म्हणते, तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे जी. घरातल्या काकूंकडे टॅब आहे का, हे विचारायला विसरत नाही. ते आता आमच्या कागदातही आलंय.

ड्युटीनंतर माझी लाइन घरातल्या सगळ्यांची, त्यामुळे ती संपत आली की दाराबाहेर चपला घासल्याचा आवाज येतो. काकू टॅब छातीशी धरून उभ्या असतात, मागे काका, कधी कधी बेनसुद्धा, ज्यांनी गजरा फुकट गेल्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. कुणी दार वाजवत नाही, नंबरात उभे असतात. मी शेवटचा फोन ठेवते, हेडफोन उतरवते, दार सताड उघडते, आणि चाळीत नळाला धार आली की मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडायचे, तसं, काकांनी शिकवलं तसं, ओरडून सांगते.

"आलं गं, आलं. भांडी आणा."